चार-चार हातांचं पीठ

"परवा सकाळी कळकी गाव रिकामं झालं पाहिजे!" उदंडराव महाराजांनी सिंहासनावर थाप मारली. "अख्खा डोंगर फोडायचा आणि तांबं काढायचं!"

कळकी गाव त्याच डोंगराच्या माथ्यावर होतं. दिवाण तिमाजीपंतांनी तिथल्या चावडीपुढे बैलांनी फिरवायचं भलंमोठं गिरमिट लावून वीस हात खोल भोक पाडलं होतं. आतून निघालेला दगड कुटून, त्याचं पीठ सहा पिशव्यांत भरून आणलं होतं. कितव्या हातापासून कितव्या हातापर्यंतचा दगड, अशी चिठ्ठी प्रत्येक पिशवीला बांधली होती.

"महाराज, सहापैकी चार पिशव्यांत तांबं!" पंतांनी मिशीवर ताव दिला. "म्हणजे डोंगराचे तीन वाटे केले, तर दोन वाटे तांबंच तांबं!"

"वाहवा! वाहवा!" दरबार डोलू लागला.

एवढ्यात खांबाआडून कुणीतरी खो-खो हसलं. ती होती ठकूबाई. कळकीचीच. महिनाभर तिनेच तो दगड मुसळाने कुटला होता आणि पिशव्या डोक्यावरून दरबारात आणल्या होत्या. तिचं घर चावडीला लागूनच होतं. हसता हसता तिचे डोळे मात्र भरून आले होते.

"कोण हसतंय?" महाराज गरजले.

"मी, महाराज! पंतांना एकदा आमच्याकडे जेवायला पाठवा. एका ताटात भाकऱ्यांची चळत वाढते आणि चार ताटांत जिलबीचा एकेक तुकडा. पाचांतल्या चार ताटांत जिलबी! मग पंत घरी जाऊन सांगतील, पोट जिलबीनंच भरलं!"

दरबारात खसखस पिकली. पंत लालबुंद झाले.

"जिलबीचा इथे काय संबंध?"

"चिठ्ठ्या वाचा की! पहिल्या पिशवीत आठ हात तांबडी माती. शेवटच्या पिशवीत दहा हात काळा दगड. दोन्हींत तांब्याचा कणही नाही. मधे हिरवा दगड लागला, तेव्हा पंत असे नाचायला लागले, की वीतभर निघाला की भर वेगळी पिशवी! वीतभर निघाला की भर वेगळी पिशवी! चार विती, चार पिशव्या. म्हणजे हिरवा दगड सगळा मिळून दोन हात!"

महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना सगळं सारखं लागायचं. वाड्याचे खांब सारखे, घोड्यांच्या शेपट्या सारख्या. न्हावीसुद्धा दोरी लावून त्यांच्या मिशा कापायचा!

"एक पिशवी दहा हातांची आणि एक वीतभराची? छे! मला सगळ्या सारख्या हव्यात. चार-चार हातांच्या! बाई, उद्या सूर्य माथ्यावर यायच्या आत करून दे. दिल्यास, तर गावाचं बघू. नाहीतर उचला बिऱ्हाड!"

"पण महाराज," पंत गालातल्या गालात हसले, "भोक तर कालच ढासळलं. गिरमिटाचं पातंही मोडलं. आणि दगडाचं झालंय पीठ! आता ही पिठाला गज लावून कापणार की काय?"

"कापते की!" ठकूबाईने पदर खोचला. "उद्यापर्यंत कशाला थांबायचं? मला एक पळी द्या, पाच वाडगे द्या आणि तुमच्या तांबटाला भट्टी पेटवायला सांगा!"

पळी आली, वाडगे आले. ठकूबाईने सहा पिशव्या चिठ्ठीप्रमाणे ओळीने मांडल्या.

"एक वीत दगड म्हणजे एक पळी पीठ. हाताच्या दोन विती, म्हणून चार हातांच्या आठ पळ्या. बरोबर?"

"बरोबर!" महाराज सिंहासनावरून उतरून तिच्यासमोर मांडी घालून बसले. सगळा दरबार वाकून बघू लागला.

"पहिले चार हात तांबडी माती. घ्या आठ पळ्या! पुढचे चार हातही मातीच. आणखी आठ पळ्या! आता तिसरा वाडगा. हिरव्या चार पिशव्यांतली एकेक पळी, झाले दोन हात. अजून दोन कमी पडतात ना? त्याखालच्या काळ्या दगडाच्या चार पळ्या!"

"अगं, ही तर भेसळ!" पंत ओरडले.

"पंत, तो काळा दगड हिरव्याला चिकटूनच बसलाय. त्या दोघांना शेजारी मी बसवलं नाही!"

मग उरलेल्या आठ हातांच्या काळ्या दगडाचे तिने आणखी दोन वाडगे भरले. आठ-आठ पळ्या, एक कमी नाही की एक जास्त नाही.

"हे घ्या महाराज. पाच वाडगे, प्रत्येक चार-चार हातांचा!"

तांबटाने पाचही वाडगे ढवळून त्यांतलं थोडं थोडं पीठ वेगवेगळ्या मुशींत घालून भट्टीत वितळवलं. पहिली मूस फोडली. राखाडी ढेकूळ! दुसरी? ढेकूळ! तिसरीत तांब्याचा लालचुटूक मणी चमकला. महाराजांनी टाळी वाजवली. चौथी? ढेकूळ! पाचवी? ढेकूळच!

"पाचांत एक," महाराज पुटपुटले, "आणि त्या एकातही अर्धा दगड फुकटचा! पंत, तुमचं ते दोन वाटे तांबं कुठे गेलं?"

पंत छताकडे बघू लागले.

"पण बाई," महाराज हट्टाने म्हणाले, "दोन हात का होईना, आहे ना खाली तांबं? मग गाव हलवायला नको?"

ठकूबाईने हात जोडले.

"महाराज, तो हिरवा थर डोंगराच्या पोटात आडवा पसरलाय. ओढ्याच्या बाजूला कड्यात त्याची हिरवी रेघ उघडी दिसते. आमची वासरं रोज तिथं अंग घासून हिरवी होऊन येतात. तिथून आडवं खणा आणि न्या की खुशाल! दोन हात तांब्यासाठी वीस हात डोंगर फोडायचा, म्हणजे पंतांच्या दाढेत तीळ अडकला म्हणून त्यांचं मुंडकंच उतरवायचं!"

पंतांनी दचकून दोन्ही हात गळ्याला लावले. ते पाहून महाराज जे हसू लागले, ते थांबेचनात. हसता हसता ते मागे कलंडले, मुकुट गडगडत वाडग्यात जाऊन पडला आणि एका बाजूची मिशी काळ्या पिठाने माखली. तरी ते हसतच होते!

"गाव जागचं हलणार नाही!" कसाबसा श्वास घेत महाराज म्हणाले. "आणि आजपासून खाणीचं सगळं मोजमाप ठकूबाईकडे. बाई, तुला दोन दुभत्या म्हशी, एक चांदीची पळी आणि दगड कुटायला एक मदतनीस!"

"मदतनीस कोण, महाराज?"

महाराजांनी मुसळ उचललं आणि तिमाजीपंतांच्या हातात दिलं.