टिटवीची ओली पिसं

फार पूर्वी एका माळावर म्हाताऱ्या सशाला मरणाची धास्ती लागली. नदी आटत चाललेली, दरवर्षी वणवा पेटायचा, त्यात स्वतःचेही दिवस भरत आलेले. या जगाचं पुढं होणार तरी काय, या घोरानं त्याला कोवळं गवतही गोड लागेना.

एका तापल्या दुपारी त्याला टिटवी दिसली. उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी, आणि त्यांवर पंख पसरून ती उभी.

"टिटवीताई, असल्या जगात अंडी कशाला घातलीस गं?"

"ससेआजोबा, अंडी भाजतायत. मी पाणी आणते, तोवर जरा सावली धरा," एवढं बोलून ती उडालीसुद्धा.

ससा अंड्यांवर ओणवा झाला. पाठ पोळली, तरी हलला नाही. टिटवी लांबच्या डबक्यात पोट भिजवून आली, ओली पिसं अंड्यांना टेकवून पुन्हा उडाली. अशा सात खेपा झाल्या. एवढासा जीव, पण कुरकुर म्हणून नाही! ससा थक्क होऊन बघत राहिला.

ऊन कललं तेव्हा एका अंड्यातून बारीक टकटक ऐकू आली. सशाचे डोळे भरून आले.

"उद्याही येऊ का गं?"

"या की. पण जरा लवकर या, उद्या ऊन याहून कडक असेल."