शेवटच्या पानावरची सावली

बायांनो, लेकरांनो, हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा आणि ऐका. फार फार मागे, नदीकाठच्या एका गावात भागीरथी नावाची बाई राहत असे. तिने अन्नपूर्णामातेचं व्रत धरलं होतं. वर्षभर दर सोमवारी ती एकदाच जेवली. सण आले, पाहुणे आले, पण तिने नेम मोडला नाही.

वर्ष सरलं, वैशाख लागला, उद्यापन जवळ आलं. त्या गावची रीत अशी, की उद्यापनाला सारं गाव एका पंगतीला बसायचं. शेवटच्या पानावरच्या माणसाने "पोट भरलं" म्हटलं, की व्रतकरणीने त्याच्या शेजारी पान मांडून पहिला घास घ्यायचा. मगच पंगत उठायची आणि व्रत पुरं व्हायचं. पण कुणी उपाशी उठलं, तर वर्षाचं व्रत अपुरं राहायचं.

एवढी माणसं बसायची, म्हणजे मांडव हवा. गावात मांडव घालायचं काम हैबती नावाच्या म्हाताऱ्याकडे असे. त्याच्या खांद्यावर कायम एक दोरी. घरोघर जाऊन तो किती जण येणार ते विचारी आणि माणसागणिक दोरीला एक गाठ मारी. दोन गाठींच्या मध्ये एका पानाची जागा. दोरी भरेल तेवढा मांडव, वर जांभळीचे हिरवे डहाळे.

दोरी घेऊन तो भागीरथीच्या दारी आला. "चला ताई, गाठी मारून येऊ. व्रतकरणीनं संगं यावं लागतं."

"हैबतीमामा, डहाळ्यांचा मांडव नको मला," भागीरथी म्हणाली. "शेठांच्या सुनेच्या उद्यापनाला तांबडा कापडी मंडप होता, पाहिलात ना? झालरीचा? तसाच हवा. झालर मात्र दुहेरी."

"त्या मंडपात पंचवीस पानं बसली, ताई. त्यांनी रीत सोडून घरच्यांनाच बोलावलं हुतं. तुमच्याकडं तर सारं गाव येणार."

"बसतील हो, दाटीवाटीनं बसतील! रस्त्यावरून कसा दिसेल, ते सांगा."

"रस्त्यावरनं लई झ्याक दिसंल," म्हातारा हसला. "पण रस्त्यावर जेवायला कोण बसणार हाय?"

भागीरथीला ते बोलणं लागलं. "दोरी राहू द्या तुमची," ती म्हणाली आणि आत निघून गेली. म्हाताऱ्याने दोरी गुंडाळली, पुन्हा खांद्यावर टाकली आणि तो गेला.

शहरातून तांबडा मंडप आला. दुहेरी झालर वाऱ्यावर झुलू लागली. उद्यापनाच्या दिवशी शेठांची सून दारातच थबकली. "अगंबाई, भागीरथीवहिनी! माझ्यापेक्षा देखणा की हो!" भागीरथीला आभाळ ठेंगणं झालं.

मग गाव आलं. आधी जवळची आळी आली आणि मंडप भरला. त्यांच्या मागून कुंभारआळी आली, कोष्टीआळी आली, नदीपलीकडची वस्ती आली. आत तीळ ठेवायला जागा नव्हती.

"तुम्ही इकडे अंगणात बसा हं," भागीरथी घाईघाईने म्हणाली. "जरा वेळाचा तर प्रश्न आहे."

ते बसले. सूर्य डोक्यावर आला होता. जमिनीला हात लावला तर चटका बसत होता.

आतलं वाढप झाल्यावर भागीरथी भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली. पाहते तर पंगत बसलेली, पण पुढे एकही पान नाही. ती चिडून म्हणाली, "अहो, पानं कुठं गेली? मी स्वतः वाटली होती!"

मग तिने मान वर केली. पानं साऱ्यांच्या डोक्यावर होती. दोन्ही हातांनी पत्रावळी धरून माणसं उन्हात सावली करून बसली होती. कुंभारआळीतल्या एका म्हातारीने आपली पत्रावळ नातीच्या डोक्यावर धरली होती आणि तिचे स्वतःचे पांढरे केस उन्हात तसेच होते. ओळीच्या टोकाला हैबती बसला होता.

म्हातारी तेवढी म्हणाली, "आतलं निवांत हू दे, पोरी. आमाला गुरांना पाणी दावायचंय." ती उठली. कुणाला घर उघडं टाकल्याची आठवण झाली, कुणाचं लेकरू पेंगुळलं. एकेक पत्रावळ हळूच जमिनीवर ठेवून सारे गेले. कोरड्या पानांची लांबच लांब ओळ मागे उरली.

कुणी भांडलं असतं, तर भागीरथीने उत्तर दिलं असतं. पण ती माणसं जाताना हात जोडून गेली. तिच्या हातात भात वाफाळत होता आणि तो वाढायला समोर कुणी नव्हतं. आतून शेठांच्या सुनेची हाक आली, "वहिनी, भात आणा ना!" भागीरथीला मान वर करवेना.

संध्याकाळी ती डोक्यावर टोपल्या घेऊन घरोघर अन्न देऊन आली. त्यांनी ते हसून घेतलं. त्या हसण्याने ती आणखी खाली वाकली. अन्न वाया गेलं नाही, पण व्रत अपुरं राहिलं. देवीपुढे बसून ती एवढंच म्हणाली, "आई, तुझी माणसं मी उन्हात बसवली."

तिने व्रत पुन्हा धरलं. पुढच्या वैशाखात ती स्वतः हैबतीच्या दारी गेली. "मामा, दोरी द्या. गाठी मी मारीन."

सगळ्यांत आधी ती कुंभारआळीत गेली. "आजी, तुमची पानं किती?" तिने खाली बघतच विचारलं.

"चार. गाठ घट्ट मार गं बाई, न्हाईतर पुन्यांदा पान डोईवर घ्यावं लागंल!" म्हातारी खळखळून हसली. भागीरथीच्या हातातली गाठ ओली झाली.

मांडव उभा राहिला. एक खांब वाकडा, डहाळे खालीवर. पण सारं गाव सावलीत बसलं. शेवटच्या पानावर हैबती होता. त्याने ढेकर दिली आणि म्हणाला, "पोट भरलं, ताई."

भागीरथीने त्याच्या शेजारी पान मांडलं. ते उन्हात पडलं. घरोघरच्या गाठी मारताना स्वतःची गाठ मारायचीच राहून गेली होती.

"असू दे मामा," ती म्हणाली. "एवढं ऊन माझ्या वाटणीचं आहे."

हैबतीने तिच्याकडे पाहिलं आणि पंगतीला हाळी दिली, "सरका रं पोरांनो! दाटीवाटीनं बसू."

आपलेच शब्द ऐकून भागीरथीने मान खाली घातली. साऱ्या गावाने आपापली पानं बोट बोट सरकवली. बोटाबोटाने तेवढी जागा झाली आणि सावली तिच्या पानावर आली. रडत रडत तिने पहिला घास घेतला. व्रत पुरं झालं. अन्नपूर्णामाता जशी तिला भेटली, तशी तुम्हाआम्हालाही भेटो.

बोध एवढाच: मांडव निवडताना तो रस्त्यावरून कसा दिसतो ते पाहू नये, शेवटच्या पानावर सावली पडते का ते पाहावं.