तोंडाची चेन

बॅगांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. प्रमिलाकाकू लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघाल्या, तशी मोठी बॅग फुगली. "सहा महिने राहायचंय! मीच जाणार." पोळपाट, खलबत्ता, पाच किलो भाजणी गिळून तिने मधल्या बॅगेलाही पोटात घेतलं, येताना लागेल म्हणून. मधली आत धुमसत राहिली.

विमानतळावरच्या काट्यावर वजन दहा किलो जास्त भरलं. घाम पुसत काकूंनी मधली बाहेर काढली आणि डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी व चार साड्या तेवढ्या तिच्यात भरल्या. सोडायला आलेल्या दिराच्या हाती मोठी बॅग घरी परत धाडली.

"मोठी असणं गुन्हा आहे का गं?" मोठी रडवेली झाली.

"नाही!" मधली कडाडली. "पण जागा दिसली की माणसं अख्खं घर कोंबतात. तुझ्या तोंडाला चेन कशाला दिलीय मग?"