पाचूची बाग आणि पहिली काकडी

एका राज्यात गुलाब माणकांचे होते, मोगरा मोत्यांचा होता, भेंड्या पाचूच्या आणि मिरच्या पोवळ्याच्या होत्या; आणि त्याच राज्यात कोणाच्या ताटात हिरवे पान म्हणून पडत नव्हते.

राजाचे नाव सोमधर. त्याच्या राणीने राजवाड्यामागे आपल्या हाताने बाग वाढवली होती. फुलांचे वाफे एकीकडे, भाजीचे एकीकडे, मधून पाण्याचा पाट. एके वर्षी राणी वारली. राजाने बागेकडे पाठ फिरवली. रोपे माना टाकू लागली; राजाला ते पाहवेना, आणि पाणी घालायला हातही उचलवेना.

अशा वेळी वज्रकंठ नावाचा जादूगार दरबारी आला.

"राजा, कधीही न सुकणारी बाग देतो."

"मोल काय?"

"तुझ्या नगरात यापुढे कोणी स्वहस्ते बी पेरू नये. इतकेच."

राजाला वाटले, हे कसले मोल! त्याने वचन दिले. वज्रकंठाने काळी कांडी जमिनीला टेकवली आणि नगरातली सारी माती दगड झाली. अंगणातली झाली, परसातली झाली, तुळशीच्या वृंदावनातलीही झाली. सुकलेल्या रोपांच्या जागी रत्नांची रोपे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी राणीच्या तसबिरीला वाहावा म्हणून राजाने माणकाचा एक गुलाब खुडला. देठ कट्कन मोडला, आणि राजाच्या पायांची बोटे दगड झाली.

तेव्हापासून तो दगड वेलीसारखा राजाच्या अंगावर चढू लागला. कन्या उपवर झाली तोवर तो गुडघ्यांच्या वर आला होता. राजाला पालखीत घालून दरबारात नेत. मधमाश्या केव्हाच नगर सोडून गेल्या होत्या. व्यापारी डोंगरापलीकडून वाळवलेल्या भाज्या आणत, त्या शिजवल्या तरी कागदासारख्या लागत. लोक तेच खात.

राजकन्येचे नाव कर्णिका. रत्नांची बाग आली तेव्हा ती पाळण्यात होती. ओले पान कसे असते, हे तिला ठाऊक नव्हते.

एके दिवशी ती बागेत उभी असता एक शिंजीर आला. शिंजीर म्हणजे फुलातला मध पिणारा इवलासा पक्षी. अंगठ्याएवढे अंग, बाकदार चोच, मानेवर जांभळी झळाळी. त्याने माणकाच्या गुलाबावर झेप घेतली, चोच दगडावर आपटली आणि तो खाली पडला. कर्णिकेने त्याला ओंजळीत उचलले. गूळपाणी करून थेंब थेंब पाजले. शिंजिराने डोळे उघडले आणि तो बोलला.

"राजकन्ये, हे फूल खोटे आहे."

"खरे कसे असते?"

"खरे फूल कोमेजते. त्याच्या पोटात मध असतो. आम्ही फुलांच्या पोटात डोकावतो, म्हणून आम्हाला शापांचीही पोटे दिसतात. ऐक. जिवंत माती आण. जिवंत बी आण. बी स्वहस्ते लाव आणि त्याच्या वाढीत कोणाची जादू मिसळू देऊ नकोस. त्या वेलाचे पहिले फळ राजाने आपल्या हाताने तोडून खाल्ले, की शाप तुटेल."

"पण पित्याने तर वचन दिले आहे."

"वचन राजाने दिले, मातीने दिले नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते."

कर्णिकेला ते पटले. तिने पित्याचा निरोप घेतला आणि शिंजिराला खांद्यावर बसवून ती वेशीबाहेर पडली.

नगर संपले आणि जुने रान लागले. तिथे वर्षानुवर्षांचा पाचोळा साचला होता. शिंजीर म्हणाला, "इथे थांब." पाचोळा हलला आणि गांडुळांचा नायक वर आला. तो अजगराएवढा लांब होता, पण लाजाळू होता.

"आम्हाला तुझ्या नगरातून दगडाने हुसकले," तो म्हणाला. "आता का आलीस?"

"तुम्हाला परत न्यायला आले."

"मग हात दे."

"कुठे?"

"मी राहतो तिथे."

कर्णिकेने पाहिले. खाली कुजलेला पाला, शेण, काळा चिखल. तिच्या बोटांत अंगठ्या होत्या, मनगटात हिऱ्यांची कांकणे होती. तिला शिसारी आली.  मग तिने अंगठ्या उतरवल्या, कांकणे उतरवली, डोळे मिटले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

आत ऊब होती. बाळाच्या पोटाला असते तशी ऊब. बोटांमधून माती भुसभुशीत सरकली आणि एक वास आला. तो वास तिने कधी घेतला नव्हता, तरी तिला रडू फुटले.

"याला घाण म्हणशील?" नायकाने विचारले.

"ही घाण नव्हे. ही तर आई आहे."

"चल तर," नायक म्हणाला, आणि सारे गांडूळकुळ जमिनीखालून नगराच्या वाटेला लागले. कर्णिकेने पदरात ओंजळभर माती बांधून घेतली.

पुढे अंधारी दरी होती. त्या दरीत धूम्रजटा राक्षसीण राहत असे. वज्रकंठाने नगरातले सारे बियाणे तिच्यापाशी राखणीला दिले होते. बी चोरायला जो जाई तो परत येत नसे. कर्णिका दरीत उतरली तेव्हा राक्षसीण एका मांडवाखाली बसून हुंदके देत होती. तिच्या हुंदक्यांनी दगड घरंगळत होते.

"कोण गं तू? खाऊ का तुला?"

"आधी रडण्याचे कारण सांगा, आजी. मग खा."

राक्षसिणीला आजवर कोणी आजी म्हटले नव्हते. ती डोळे पुसत म्हणाली, "राखण करता करता वाटले, एक बी लावून पाहू. लाल भोपळ्याचा वेल आला. रोज सकाळी त्याच्याशी बोलते. पिवळीधमक फुले येतात, पण भोपळा काही धरत नाही. माझाच पायगुण वाईट!"

कर्णिका वेलापाशी गेली. फुलांकडे पाहत राहिली. मग तिने शिंजिराला हळूच विचारले, "काही फुलांच्या मागे इवलीशी गाठ आहे. काहींच्या मागे नाही. असे का?"

"गाठ असलेले मादी फूल, नसलेले नर. नराचे पराग मादीला पोचवायला इथे मधमाशी नाही. अंधाराला भिऊन ती येत नाही."

कर्णिकेने एक नर फूल तोडले, त्याच्या पाकळ्या बाजूला केल्या आणि मधला पिवळा दांडा एकेका मादी फुलात हलकेच फिरवला. मग ती राक्षसिणीपाशीच राहिली. दोघींनी वेलाला पाणी घातले, पानांवरच्या किडीवर चुलीतली राख भुरभुरली, वाळकी पाने काढली. काही दिवसांत एक गाठ फुगली. आवळ्याएवढी झाली, मग लिंबाएवढी, मग मुठीएवढी.

धूम्रजटा गुडघ्यांवर बसली. आपल्या सुपाएवढ्या बोटाच्या टोकाने तिने भोपळ्याला जेमतेम स्पर्श केला. "धरला गं!" ती ओरडली. "माझा भोपळा धरला!" त्या आरोळीने दरीवरचे धुके फाटले आणि अंधाऱ्या दरीत ऊन उतरले.

तिने कोठाराचे दार उघडले. "हवे तेवढे बी ने. वज्रकंठाला भिणारी धूम्रजटा काल होती. आजपासून मी भोपळेवाली."

कर्णिका नगरात परतली तेव्हा गांडुळांनी राणीच्या जुन्या बागेत दगड पोखरून एका वाफ्यापुरती माती केली होती. ओंजळभर माती तिने विरजणासारखी त्यात मिसळली. तेरड्याचे बी लावले, झेंडूचे लावले, वांग्याचे, मेथीचे लावले. आळे करून त्यात काकडीचे बी लावले. मग राजाची पालखी वाफ्याशेजारी ठेवायला सांगितली.

दगड आता राजाच्या कमरेवर आला होता. राजा म्हणाला, "मुली, मला आत ने. बागेकडे पाहवत नाही मला."

"बाबा, अजून बाग नाही. नुसती माती आहे. मातीकडे तर पाहवेल?"

राजा मातीकडे पाहत बसला. काही दिवसांनी सकाळी तोच सर्वांआधी ओरडला. "कर्णिके! धाव! काहीतरी हिरवे आहे!" मातीला तडा देऊन एक वाकडी मान वर आली होती. बीचे टरफल अजून तिच्या डोक्यावर टोपीसारखे होते. राजा हसला. कर्णिकेने पित्याला हसताना आजवर पाहिले नव्हते.

मग राजाला तोच नाद लागला. "तेरड्याला आज नवे पान आले का?" "मेथी दाट झाली, विरळ कर." "वेलाने काठीला हात घातला, पाहिलेस? चुकून माझ्या बोटाला घातला असता!" प्रधान कारभार घेऊन येई, राजा म्हणे, "थांबा. आधी पाणी." नगरातले लोक कुंपणाशी जमू लागले. ज्या दिवशी राजा वेलाकडे पाहून हसे, त्या दिवशी दगड जागचा हलत नसे.

पण वज्रकंठाला वार्ता पोचली. तो क्रोधाने आला आणि त्याच्या येण्यानेच दगड राजाच्या छातीवर चढला, डावा हात गिळून खांद्याशी भिडला. वेलावर तेव्हा नुसत्या कळ्या होत्या.

"राजकन्ये," वज्रकंठ म्हणाला, "कळीचे फूल होईल, फुलाचे फळ होईल, तोवर तुझा बाप पुतळा होईल. सांग, कांडी फिरवू? आत्ता काकडी लागेल."

"मोल काय?"

"कांडी लागलेली बाग माझी."

 कर्णिकेने पित्याकडे पाहिले. राजाला श्वास जड झाला होता, तरी तो वेलाकडे पाहत होता.

"मुली," तो म्हणाला, "मी एकदा न सुकणारी बाग मागितली आणि माझी सारी वर्षे सुकली. या वेलाने रोज एक पान दिले, तेवढ्यात मी पुन्हा जगलो. त्याला घाई करू नकोस. माझी कळी मला तिच्या वेळेने उमलताना पाहू दे."

कर्णिकेने डोळे पुसले, घागर उचलली आणि वज्रकंठाच्या बाजूने जाऊन वेलाला पाणी घातले.

"कांडी नको," ती म्हणाली.

वज्रकंठ हसला. "मग पुतळा न्यायला मी इथेच उभा राहतो." आणि तो वाफ्याच्या कडेला उभा राहिला.

शिंजीर उडाला. तो डोंगर ओलांडून गेला आणि परतला तेव्हा त्याच्यामागे मधमाश्यांचा गुंजारव होता. तेरडा फुलला, झेंडू फुलला, काकडीची पिवळी फुले उघडली. माश्या नगरात शिरल्या तेव्हा म्हातारी माणसे घराबाहेर येऊन रडली. फुलामागे गाठ धरली. ती बोटाएवढी झाली, वाढत गेली. दगड राजाच्या गळ्याशी आला. उजवा हात तेवढा मोकळा होता.

मग एका सकाळी काकडी तयार झाली. कोवळी, अंगावर बारीक लव, टोकाला सुकलेले फूल. वेल राजाच्या खांद्यापर्यंत आपणहून चढला होता. दगड हनुवटीला लागला. राजाने हात उचलला, काकडी तोडली आणि दातांखाली धरली.

कुर्रम्!

तो आवाज साऱ्या नगराने ऐकला. राजाच्या गळ्याचा दगड तडकला, छातीचा तडकला, पायांचा तडकला आणि काळी माती होऊन खाली सांडला. राजा उभा राहिला. त्याच्या हनुवटीवरून काकडीचे पाणी ओघळत होते. माणकांचे गुलाब लवले, त्यांना वास सुटला. पाचूच्या भेंड्यांना लव आली. घराघरांपुढचा दगड भुसभुशीत झाला. वज्रकंठाने पळायला पाय उचलला, पण ज्या मातीला त्याने दगड केले होते, तिने त्याचे पाय धरले. त्याच्या अंगाचा पेंढा झाला, डोक्याचे मडके झाले, आणि वाफ्याच्या कडेला एक बुजगावणे उभे राहिले. त्याला कोणी पाखरू भीत नसे.

लोकांनी नगारे वाजवले. कर्णिकेने धूम्रजटेचे बियाणे ओंजळीओंजळीने दारोदार वाटले. कोणी अंगणात लावले, कोणी फुटक्या मडक्यात लावले. पुढच्या हंगामात नगरात अशी रीत पडली की रिकामी टोपली घेऊन कोणी शेजारी जात नसे आणि रिकामी घेऊन परतत नसे. धूम्रजटा आपला एक भोपळा राजाला नजर करायला आली. तो वेशीतून आत येईना, म्हणून वेशीबाहेरच चिरला आणि सारे नगर तिथेच जेवले.

सुबत्तेची कीर्ती ऐकून शेजारच्या राज्याचा राजदूत आला. तो दरबारात गेला, सिंहासन रिकामे होते. त्याला बागेत नेले. तिथे एक जण खुरपे घेऊन उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत मातीने माखलेला.

"महाराज कोठे आहेत?" राजदूताने विचारले.

"मीच," राजा सोमधर म्हणाला, आणि तण उपटून झालेली मोकळी जागा त्याला दाखवली. "तह मागाहून करू. आधी पागोटे काढून बसा. एवढा मेथीचा वाफा पेरायचा राहिला आहे."

राजदूत बसला. जशी त्याची मेथी उगवली, तशी ऐकणाऱ्यांच्या दारीही उगवो.