बुधाजीनं किनारा साफ केला

समुद्राकाठच्या एका गावात बुधाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. बाकी सगळं गाव शहाणं होतं. म्हणून किनारा घाण होता.

शहाणी माणसं सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन यायची. इकडे बघायची, तिकडे बघायची आणि पिशवी पाण्यात भिरकावायची. दर्या देव आहे, पोटात घेतो, असं म्हणायची. देव भरतीला सगळं परत आणून टाकायचा. मग हीच माणसं देवळाच्या पायरीवर बसून हल्लीच्या पोरांना वळण नाही म्हणून तंबाखू मळायची.

बुधाजी अंगानं रेडा. होडीचा नांगर एका हातानं उचलायचा. डोक्यानं मात्र सरळ. इतका सरळ की रस्ता वळला तरी हा वळायचा नाही. त्याला जन्मात एकच गोष्ट हवी होती. हिराजीमामाच्या होडीवर खलाशी व्हायचं होतं. त्याच्या वयाची पोरं कधीच दर्यावर गेली होती. हा अजून आईनं वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत होता.

हिराजीमामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ आणि गावचा सरपंच. एक दिवस त्यानं बुधाजीला बोलावलं.

"रविवारी तालुक्याचे साहेब किनारा बघायला येतायत. तोवर सगळं प्लास्टिक उचल. एक कपटा दिसता कामा नये. किनारा साफ झाला तर तुला होडीवर घेतो. नाही झाला तर बस जन्मभर कावळे हाकत."

"मामा, प्लास्टिक ओळखायचं कसं?"

मामाला कुठे माहीत? पण शेजारी कमलाकर गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते एकदम ताठ बसले.

"सोप्पंय. पाण्यात टाकून बघायचं. तरंगलं की प्लास्टिक, बुडलं की नव्हे."

"बरं गुरुजी," बुधाजी म्हणाला.

त्यानं बाटली उचलली, पाण्यात टाकली. तरंगली. म्हणजे प्लास्टिक. चप्पल टाकली. तरंगली. तेलाचा डबा टाकला, तोही तरंगला. दुपारपर्यंत सगळा किनारा पाण्यात तरंगत होता आणि वाळू लख्ख झाली होती. बुधाजी आईला म्हणाला, "आये, गुरुजी खरे. सगळं प्लास्टिकच निघालं."

संध्याकाळी भरती आली. सगळं परत आलं. वर भरती शेजारच्या गावचंही घेऊन आली.

मामा धावत आला. "मुडद्या, समुद्रात कोण टाकतं?"

"सगळेच टाकतात, मामा."

मामानं ते ऐकलंच नाही. मोठ्या माणसांचे कान अशा वेळी बंद होतात. "ऐक नीट. समुद्रात काही टाकायचं नाही. कुणी टाकलं तर ओढून काढायचं, पोत्यात कोंबायचं आणि पोत्याचं तोंड घट्ट बांधायचं."

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी बुधाजी पोतं घेऊन उभा राहिला. कंबरभर पाण्यात धर्माआण्णा पाग फेकत होता. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. धर्माआण्णानं ते गरकन फिरवलं आणि टाकलं. बुधाजीनं बघितलं. समुद्रात टाकलं. तो पाण्यात घुसला, जाळं ओढलं, आतल्या मासळीसकट पोत्यात कोंबलं आणि तोंड घट्ट बांधलं.

"अरे ए, काय करतोस?" धर्माआण्णा ओरडला.

"आण्णा, समुद्रात काही टाकायचं नाही. मामानं सांगितलंय."

गाठ होडीवाल्याच्या भाच्याची होती. धर्माआण्णाला ती सुटली नाही. कोयता आणेपर्यंत मांजरं जमली होती, आणि कोयत्यानं पोत्याबरोबर जाळंही कापलं गेलं.

मामानं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, वस्तू उचलण्याआधी ती कुणाची हे विचारावं की नाही? ज्याची आहे त्याला विचार, मगच उचल."

"बरं मामा."

तिसऱ्या दिवशी बुधाजी वेफरची पिशवी आणि बाकीचा कचरा घेऊन दारोदार गेला. "काकी, ही तुमची?" "नाही रे बाबा." "वयनी, ही तुमची?" "आम्ही नाही टाकत असलं." गावात कुणीच काही टाकत नव्हतं. किनाऱ्यावरचा कचरा बहुधा आभाळातून पडत होता.

शेवटी तो देवळात पोचला. पायरीवर सगळी वडीलधारी मंडळी बसली होती. बुधाजीनं एक पिशवी वर धरली आणि मोठ्यानं वाचली. "कमलाकर गुरुजी. पोट साफ होण्याचं चूर्ण. रात्री झोपताना दोन चमचे. गुरुजी, ही तुमची?"

"माझी नव्हे," गुरुजी म्हणाले.

"नाव तुमचं आहे."

"नावाचं काय, नाव कुणाचंही असतं."

"मग पोट कुणाचं साफ होतंय?"

पायरीवरचे सगळे खोकायला लागले. गुरुजी उठून गेले.

बुधाजीला एकाही वस्तूचा मालक सापडला नाही. मालकाला विचारल्याशिवाय उचलायचं नाही म्हणून त्यानं उचललेली प्रत्येक वस्तू जिथली तिथे नेऊन ठेवली. बाटल्या उभ्या ठेवल्या. चपला जोडीनं लावल्या.

किनारा बघून मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बुधाजी, रविवार उद्यावर आलाय. आता कुणाला विचारू नकोस. प्लास्टिक दिसलं की पोत्यात घाल. पोत्यात मावलं नाही तर काप आणि घाल. कुणाच्या बापाचं का असेना. कळलं?"

"कळलं मामा. मग होडीवर घेणार?"

"घेतो रे बाबा. एक कपटा दिसला तर मात्र नाही."

रविवारी सकाळीच सगळं गाव हार घेऊन रस्त्यावर जाऊन उभं राहिलं. साहेब नऊला येणार होते, म्हणजे दुपार उलटून गेल्यावर येणार होते. किनाऱ्यावर बुधाजी एकटा. त्यानं भराभर बाटल्या उचलल्या, पिशव्या उचलल्या, चपला उचलल्या. पिंप पोत्यात मावेना, ते करवतीनं कापलं. साहेबांसाठी मांडलेल्या खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या. त्याही कापल्या. 'आमचा किनारा, स्वच्छ किनारा' लिहिलेल्या फ्लेक्सवर मामाचा हात जोडलेला फोटो होता. तो कापावा लागला नाही. घडी घातल्यावर मामा मावला.

वाळू अशी झाली की त्यावर पाय ठेवायला लाज वाटावी. बुधाजी दमून मामाच्या होडीला टेकला. नवी कोरी होडी, पांढरीशुभ्र. तिच्यावरून त्यानं हात फिरवला. उद्यापासून हिच्यावर.

तेवढ्यात गुरुजी आडोसा शोधत तिथे आले. रात्री चूर्ण जरा जास्त झालं होतं.

"गुरुजी, हिचं लाकूड किती गुळगुळीत आहे."

गुरुजी घाईत होते, पण ज्ञान द्यायचं म्हटलं की त्यांना कुठेही थांबता यायचं. "लाकूड कसलं, मूर्खा. फायबर आहे ते. म्हणजे प्लास्टिकच एका जातीचं." एवढं बोलून ते सुरूच्या झाडांमागे पळाले.

बुधाजीनं होडीकडे बघितलं. मग स्वच्छ वाळूकडे बघितलं. सगळ्या किनाऱ्यावर एवढा एकच कपटा उरला होता. तो दिसला तर मामा होडीवर घेणार नव्हता.

"माफ कर गं," तो होडीला म्हणाला आणि त्यानं करवत उचलली.

साहेब आले तेव्हा उन्हं उतरली होती. समोर नुसती वाळू आणि समुद्र. कडेला पोत्यांची रांग, प्रत्येकाचं तोंड घट्ट बांधलेलं. साहेब बघतच राहिले.

"सरपंच, कमाल आहे. इतका साफ किनारा मी कुठे बघितला नाही. कुणी केला?"

"कुणी म्हणजे काय, आमच्या मार्गदर्शनाखाली झाला," मामा म्हणाला. "हा भाचा. आजपासून याला होडीवर घेतलाय. दिला शब्द म्हणजे दिला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं पदर डोळ्याला लावला.

"वा," साहेब म्हणाले. "मग त्याच्या होडीपाशीच एक फोटो काढू. कुठाय होडी?"

मामानं हात लांब करून दाखवलं. हात तसाच राहिला. तिथे वाळू होती, तीही झाडलेली.

"बुधाजी," मामा त्याच्याकडे वळला. "होडी कुठाय?"

बुधाजी हसला. घाम पुसला. पोत्यांच्या रांगेपाशी जाऊन उभा राहिला.

"ही काय. सगळी भरली, मामा, वल्ह्यासकट. आता सांगा, मी कुठल्या पोत्यावर बसू?"