विलायती किटली आणि तीन गोल भोकं

"पिना तीन, भोकंही तीन! मग आत जात का नाहीत?" हिरणगडचे रणधवल महाराज गरजले.

विलायतेच्या राजदूताने विजेवर चालणारी चहाची किटली भेट पाठवली होती. तिच्या पिना जाड आणि चपट्या. महालाच्या भिंतीतली भोकं मात्र गोल!

वायरमन गेनूने पिशवीतून अ‍ॅडॉप्टर काढला. "महाराज, हा मध्ये लावला की झालं."

"भिंत माझी, किटली माझी! मध्ये हा तिसरा कोण उपटसुंभ? पिना कापायच्या नाहीत, भिंतीला हात लावायचा नाही. उद्या राजदूत चहाला येताहेत. तोवर किटली चालव, नाहीतर तुरुंगात सड!"

गेनूने हात जोडले. "हे ब्रह्मदेवालाही जमायचं नाही, महाराज!"

झालं! गेनूची रवानगी थेट तुरुंगात.

मग प्रधानांची बैठक बसली. साऱ्या जगाने आपल्या पिना गोल कराव्यात, असा ठराव एकमताने मंजूर झाला. किटली थंडच राहिली.

दुसऱ्या दिवशी राजदूत आले. त्यांच्याबरोबरचा दुभाष्या पुढे सरकला, तोच गेनूची मुलगी सगुणा आडवी आली.

"थांबा! महाराजांना मध्ये तिसरा खपत नाही!"

दुभाष्या घाबरून मागे सरला. महाराज हसून राजदूतांना म्हणाले, "बसा, बसा!"

राजदूत खिडकीतून बस शोधू लागले. मग 'मला बसने परत धाडताय का?' असं काहीतरी आपल्या भाषेत लांबलचक बोलले. महाराजांनी नुसतीच मान डोलावली. राजदूतांचा चेहरा लालबुंद झाला आणि ते तडक दाराकडे निघाले!

"अरे, दुभाष्याला बोलवा!" महाराज ओरडले.

"कशाला, महाराज?" सगुणा म्हणाली. "तोंड तुमचं, कान त्यांचे. मध्ये तिसरा कशाला?"

"अगं कारटे, त्यांची भाषा वेगळी, माझी वेगळी!"

सगुणाने ओच्यातून बापाचा अ‍ॅडॉप्टर काढला. "मग हाही दुभाष्याच की! किटली बोलते विलायती, भिंत बोलते मराठी. आणि हा तर पगारही मागत नाही!"

महाराज असे खो खो हसले, की मुकुट नाकावर आला! दुभाष्याने धावत जाऊन राजदूतांना सारं समजावलं, तेव्हा तेही हसत हसत परत फिरले.

सगुणाने किटली लावली. पाणी खळखळलं. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं उतरवून तिला दिलं आणि हुकूम सोडला, "गेनूला सोडा! आणि पहिला कप त्यालाच द्या. माझ्या चांदीच्या कपातून!"