चिखलातलं ग्रीस

चिखलणीचा रोटाव्हेटर अडला की अख्खा गाव हौसाक्काच्या गॅरेजात यायचा. भातलावणी तोंडावर आली आणि गावच्या शेती सोसायटीचे नवे सल्लागार रणपिसेसाहेब उगवले. हौसाक्काचा ग्रीसचा डबा पायाने सरकवून म्हणाले, "हे हलकं ग्रीस बंद. माझं परदेशी ग्रीस सगळ्या यंत्रांना चालतं. ऐकायचं नसेल, तर सोसायटीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम विसरा."

हौसाक्का म्हणाली, "चला, खाचरातच बघू."

बांधावर पोचताच साहेबांनी चकचकीत बूट काढले.

"एवढे भारी बूट का काढले, साहेब?"

"चिखलात खराब होतील."

"रोटाव्हेटरचं बेअरिंग तर दिवसभर चिखलातच फिरतं. त्याला बूट काढता येत नाहीत, म्हणून मी त्याला माझ्या डब्यातलं, पाण्यात धुऊन न जाणारं ग्रीस घालते. तुमचं सगळीकडे चालणारं ग्रीस इथं तासाभरात वाहून जाईल."

गॅरेजात परतल्यावर साहेबांनी पायाने सरकवलेला तो डबा दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवला.